मस्कतच्या भाऊजींची मुखत्यार

चष्मा कपाळावर सरकवायचा, तर्जनी समोरच्याच्या शर्टाच्या दुसऱ्या बटणावर टेकवायची आणि विचारायचं, "कोणाच्या वतीने?"

काकू हे सगळ्यांना विचारत. "साहेबांनी सांगितलंय" म्हणणाऱ्या वायरमनला विचारत, मतं मागायला आलेल्या पोरांना विचारत. एका लग्नाच्या बैठकीत मुलाचा मामा म्हणाला, "आम्हाला मुलगी पसंत आहे," तर काकू कोपऱ्यातून म्हणाल्या, "कोणाच्या वतीने?" शेवटी नवरदेवाने घसा खाकरून स्वतःच्या तोंडाने पसंती सांगितली, तेव्हा पोहे बाहेर आले. एकदा शेजारचं मांजर दारात येऊन ओरडायला लागलं, त्यालाही त्यांनी हाच प्रश्न विचारला. मांजर थोडा वेळ विचारात पडलं आणि आल्या वाटेने परत गेलं. मांजराचं तुम्हाला खरं वाटणार नाही. पण पुढे जे सांगणार आहे त्याच्या मानाने मांजर काहीच नाही.

असं विचारणारं एखादं माणूस तुमच्याही गल्लीत असेल. नीट पाहा, ते कुठेतरी पोळलेलं असतं. काकू मस्कतला पोळल्या, आणि मस्कत तर त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं.

माझा मिरजोळ्याला पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना आहे. अर्ध्या रत्नागिरीचे आंबे माझ्या खोक्यांतून जग बघायला जातात आणि उरलेल्या अर्ध्या रत्नागिरीला त्याचा पश्चात्ताप होतो, असं मी सर्वांना सांगतो. काकू पहिल्यांदा आल्या तेव्हा काका जाऊन बरीच वर्षं झाली होती. मी विचारलं, "पेटीवर नाव काय टाकू? काकांचं की बागेचं?"

"माझं," काकू म्हणाल्या. "मोहोरावर फवारणी मी करून घेते, राखणदाराशी मी भांडते, वानरांमागे मी धावते. काकांचं नाव काकांच्या फोटोखाली आहे, तिथे कोणी हात लावलेला नाही."

मग मी त्यांचं नाव एवढ्या मोठ्या अक्षरांत छापलं की ते पावसच्या खाडीपलीकडून वाचता यावं. ते नाव मी इथे लिहिणार नाही. त्या नावापायीच पुढचं सगळं घडलं.

त्यांचा आंबा त्या नावाला शोभेल असा होता. हापूसच्या पोटात कधी कधी साका निघतो. बाहेरून फळ सोन्यासारखं, आणि कापलं की आत पांढरट, आंबट गोळा. मोठमोठे बागायतदार तिथे फसतात. काकू फळ हातात तोलून, बादलीत सोडून तरंगतंय का ते बघून, कानाशी धरून सांगत, "हा लबाड आहे." कातळाला लागून जी झाडं होती, खालून धग मारणारी, त्यांची फळं त्या पेटीत घालतच नसत. "माझ्या नावाखाली साका जाणार नाही," हे त्यांचं दुसरं वाक्य. मी त्यांना एकदा म्हटलं, काकू, माणसंही अशी तोलून पाहता येतात का? तर म्हणाल्या, "नाही रे खोकेवाल्या. माणूस पाण्यावर तरंगतोच."

परदेशात माल पाठवायची कल्पना त्यांच्या धाकट्या दिराची. भाऊजी तरुणपणीच मस्कतला गेले आणि तिथलेच झाले. गाव त्यांना मस्कतकरच म्हणे. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. तिथे धंदा करायचा तर कचेरीत, बंदरात, बाजारात उभं राहून सही करणारं माणूस तिथेच हवं. दर सहीला काकू रत्नागिरीहून कशा जाणार? तेव्हा त्यांनी भाऊजींना मुखत्यारपत्र द्यावं, म्हणजे भाऊजींची सही ती काकूंची सही.

वकिलाने कागद वाचून दाखवला. विकणे, घेणे, नोंदणी करणे, करार करणे, आणि शेवटी "इतर सर्व आवश्यक गोष्टी करणे." काकू त्या शेवटच्या ओळीवर जरा थांबल्या. फोनवर भाऊजी हसले आणि म्हणाले, "वहिनी, तुम्ही फक्त आंबे पिकवा. सह्या मी करतो."

काकूंनी सही केली. मग तो कागद मुंबईला गेला, वकिलातीत गेला, त्याचं अरबी झालं, त्या अरबीवर शिक्के बसले आणि शिक्क्यांवर आणखी शिक्के बसले. शेवटी मजकूर शिक्क्यांच्या फटीतून वाचावा लागे.

त्याच सुमारास भाऊजींनीही तिकडून काकूंच्या नावाने एक मुखत्यारपत्र पाठवलं. गावात त्यांनी नवा बंगला बांधला होता. त्याची घरपट्टी, कुंपणाची भांडणं, विहिरीचा पंप हे सगळं कोणीतरी बघायला हवं होतं. पण खरं कारण शिमगा. आमच्याकडे शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी सहाणेवर, म्हणजे देवळाबाहेरच्या दगडी चौथऱ्यावर बसते. तिथे मानकऱ्यांनी हजर राहून नारळ द्यायचा. काकांच्या मागे तो मान भाऊजींकडे आला होता. आपण मस्कतात आणि मान चुलतभावाकडे सरकला तर काय, या धास्तीने त्यांना झोप येईना. तेव्हा त्यांनी हौसेने एक ओळ जास्तीची घालायला लावली. "गावचे देवस्थान, पंच व मानकरी यांच्यासमोर माझ्या वतीने उभे राहणे व बोलणे." वकील म्हणाला होता, अहो, देवाला यात कशाला आणता? भाऊजी म्हणाले, "असू दे. मानाचा प्रश्न आहे."

ही ओळ तुम्ही लक्षात ठेवा. काकूंनी ठेवली होती.

पहिले काही हंगाम झकास गेले. मग मस्कतची मागणी एकाएकी आटली. "बाजार मंदा आहे, वहिनी," भाऊजी सांगत. काकूंना ते पटलं. माणूस घरातला होता.

मग हर्णैचा एक ओळखीचा, तिकडे नोकरी करणारा, सुट्टीवर आला. खजूर आणि साबण भरलेलं एक खोकं त्याने काकूंच्या ओटीवर ठेवलं. "मुद्दाम ह्यातूनच आणलं काकू. तुमच्या नावाची पेटी तिकडं गल्लीबोळात दिसते. आमची छाती फुगते."

काकूंनी त्याला सरबत दिलं, तो गेल्यावर मला बोलावून घेतलं.

"ही पेटी तुझी?"

मी उलटीसुलटी केली. नाव तेच, अक्षर तेच, पण माझ्या पेटीला हवेची भोकं बाजूला असतात. हिला वर होती. "माझी नाही, काकू."

काकूंनी खजूर बाजूला काढले, पेटीत तोंड घातलं आणि श्वास घेतला. बाहेर आल्या तेव्हा चेहरा असा झाला होता की ओटीवरच्या जास्वंदीने पाकळ्या मिटून घेतल्या. "आंबाही माझा नाही," त्या म्हणाल्या. "रत्नागिरीचाच नाही."

फोन लावला. भाऊजींनी काही लपवलं नाही. लपवायची त्यांना गरजच वाटली नाही.

"वहिनी, सगळं कायदेशीर आहे. ते नाव इथल्या कचेरीत आता माझ्या नावावर नोंदलेलं आहे. तुम्हीच दिलंत. देणार तुम्ही, तर्फे मी. घेणार मी."

"मी कधी दिलं?"

"तुमचीच सही आहे. म्हणजे तुमच्या वतीने माझी."

थोडक्यात, काकूंनी स्वतःच्या बागेतला स्वतःचा आंबा स्वतःच्या नावाने मस्कतला पाठवला असता तर ती चोरी ठरली असती. आणि त्या नावाखाली कुठलातरी परका, साका भरलेला माल खपत होता.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना वकिलाकडे घेऊन गेलो. भाऊजींना दिलेलं मुखत्यारपत्र त्याच दिवशी रद्द केलं. वर्तमानपत्रात नोटीस दिली, वकिलातीला कळवलं. पण जे झालं होतं ते उलटवायला तिथल्या कोर्टात जायला हवं होतं.

"तिथे मी कशी जाणार?" काकूंनी विचारलं.

"तुम्हाला जायला नको," वकील म्हणाला. "तिथल्या कोणाला तरी मुखत्यारपत्र देऊ."

काकू हसायला लागल्या. अशा हसल्या की वकिलाच्या पक्षकारांच्या बाकावर बसलेल्या दोन वैऱ्यांनी घाबरून एकमेकांचे हात धरले. हसू ओसरल्यावर त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"आणि भाऊजींनी मला दिलेलं?"

वकिलाने कागद चाळला. "ते चालू आहे. त्यांनी रद्द केलेलं नाही. विसरले असतील."

"मला ते वापरता येईल?"

"येईल. पण मुखत्याराने मालकाच्या हिताचंच काम करायचं असतं, काकू."

"हिताचंच करणार आहे," काकू म्हणाल्या. "केलेलं पाप देवासमोर कबूल करण्यासारखं दुसरं हित कुठलं?"

शिमगा आला. सहाणेवर पालखी बसली होती, देवीची रूपं, म्हणजे चांदीचे मुखवटे, झगमगत होती, ढोल असे वाजत होते की भाट्याच्या किनाऱ्यावरच्या होड्या आपोआप ठेक्यात डोलत होत्या. एरवी काकू भाऊजींच्या नावाचा नारळ गुरवाच्या हाती देऊन बायकांत जाऊन बसत. त्या दिवशी त्या नारळ घेऊन थेट सहाणेवर चढल्या. नऊवारीवर काकांचं जुनं उपरणं घेतलं होतं.

गुरव पुढे झाला. "वैनी, नारळ द्या. गाऱ्हानं मी घालतो, दरवर्षीसारकं."

"दरवर्षी मी वहिनी होते. आज मी भाऊजी आहे."

एक म्हातारे मानकरी उठले. "बाईमानसानं सहानेवर बोलायची पद्धत नाय आपल्याकडं."

"बाईमाणूस कोण बोलतंय? वाचा." काकूंनी कागद त्यांच्यापुढे धरला.

म्हाताऱ्याने ओठ हलवत वाचला, मग बोटाने ओळ धरून परत वाचला. पंच गोळा झाले. कोणीतरी मोबाईलची बॅटरी मारली.

"उभे राहने व बोलने," म्हातारा म्हणाला. "बोलनं लिवलंय."

"शिक्का हाय का?" मागून कोणीतरी विचारलं.

"शिक्क्यांशिवाय दुसरं काय दिसतच नाय."

झालं. काकू पालखीसमोर उभ्या राहिल्या. आता आमचं गाऱ्हाणं तुम्हाला ठाऊक असेल. घालणारा एकेक वाक्य बोलतो आणि सगळा गाव एका सुरात "व्हय म्हाराजा" म्हणतो. ते कोणी विचार करून म्हणत नाही. वाक्य संपलं की तोंडातून आपोआप निघतं, शिंकेसारखं.

"बा देवा म्हाराजा, मी तुझा मानकरी. पोटासाठी मस्कतात राहतो."

"व्हय म्हाराजा," गाव म्हणाला.

"माझ्या वहिनीने विश्वासाने मला सहीचा अधिकार दिला."

"व्हय म्हाराजा."

"त्या अधिकाराने मी तिचं नाव तिच्याकडून काढून माझ्या नावावर करून घेतलं."

"व्हय म्हाराजा." ढोलवाल्याची काठी हवेत थांबली, पण तोंड सवयीने बोलून गेलं.

"परक्या मुलखाचा आंबा रत्नागिरीचा म्हणून विकला. आणि तिला सांगितलं, बाजार मंदा आहे."

"व्हय म्हाराजा." आता बायकांकडूनही आवाज आला, आणि तो सवयीचा नव्हता.

"मी स्वतः तुझ्यासमोर येऊन उभा राहीपर्यंत माझ्या अंगणात तू येऊ नकोस म्हाराजा."

यावर अर्धा गाव गडबडला, पण उरलेल्या अर्ध्या गावाने "व्हय म्हाराजा" म्हणून टाकलं होतं. देवासमोर म्हटलेलं परत कसं घेणार? काकूंनी नारळ ठेवला, उपरणं खांद्यावरून काढलं, घडी घातली आणि पुन्हा वहिनी होऊन बायकांत जाऊन बसल्या.

पोरांनी सगळं मोबाईलवर उतरवलं होतं. ढोलाचा घुमारा डोंगराला आपटून परत यायच्या आधी ते मस्कतात पोचलं. तिथे कोकणातली माणसं काय कमी आहेत? असं म्हणतात की दुसऱ्या दिवशी भाऊजी बाजारातून चालले होते तर एक दुकानदार, तोही अरब, त्यांच्याकडे पाहून "व्हय म्हाराजा" म्हणाला. म्हणतात म्हणजे मीच म्हणतो, पण आता सगळे म्हणतात.

भाऊजींचा फोन आला तेव्हा मी ओटीवर होतो.

"वहिनी, हे काय करून ठेवलंत?"

"सगळं कायदेशीर आहे, भाऊजी," काकू शांतपणे म्हणाल्या. "तुमचंच तोंड होतं. म्हणजे तुमच्या वतीने माझं."

भाऊजींनी मुखत्यारपत्र लगेच रद्द केलं. कागद रद्द झाला, बोललेलं रद्द झालं नाही. पंचांनी सांगितलं, आक्षेप असेल तर ज्याच्या नावाने बोललं गेलं त्याने सहाणेवर येऊन सांगावं की हे खोटं आहे. तोवर पालखी त्यांच्या बंगल्यावर चढणार नाही. भाऊजींनी पालखीसाठी म्हणून अंगणात खास लादी घातली होती. त्या वर्षी पालखी बंगल्यासमोर आली, भोयांनी क्षणभर खांदा बदलला आणि पालखी पुढे गेली. काकू फाटकाशी उभ्या राहून बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावरचं ते समाधान मी आजवर फक्त पोटभर जेवलेल्या माणसाच्या तोंडावर पाहिलं आहे.

पुढच्या शिमग्याला भाऊजी आले. त्यांना एकच वाक्य बोलायचं होतं, "ते खोटं होतं." विमानात त्यांनी ते घोकलं असणार. सहाणेवर चढले, नारळ धरला. "व्हय म्हाराजा" सगळ्यांच्या घशात येऊन उभं होतं. भाऊजींनी मान वर केली आणि देवीची रूपं त्यांच्या नजरेसमोर आली. लहानपणी याच चौथऱ्यावर ते थोरल्या भावाच्या खांद्यावर बसून पालखी बघत, हे गावातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. मस्कतच्या कोर्टाला न घाबरलेला माणूस तिथे घामाने निथळला.

"जे बोललं गेलं," ते पुटपुटले, "ते खरं."

गाव बोलायच्या आत बायकांतून काकूंचा आवाज आला. "मोठ्याने. मागे ऐकू आलं नाही."

भाऊजींनी मोठ्याने सांगितलं. मग जो "व्हय म्हाराजा" झाला त्याने सहाणेवरच्या आंब्याचा अवेळी मोहोर झडला, हे माझं नेहमीचं वाक्य आहे आणि ते मी मागे घेणार नाही.

नाव परत आलं. भाऊजींनी मस्कतला जाऊन स्वतःच्या हाताने सही करून दिलं. "दुसऱ्या कोणाकडून करून घेऊ नका," काकूंनी बजावलं होतं. "तुमची सही बघायची आहे मला." त्या हंगामापासून त्यांनी पेटीच्या बाजूला माझ्याकडून एक ओळ छापून घेतली, "या मालाला कुठेही मुखत्यार नाही." परदेशी गिऱ्हाइकांना वाटे, मुखत्यार ही आंब्याची एखादी जात असावी.

तुम्ही म्हणाल, मग समेट झाला. झाला, पण काकूंच्या पद्धतीने. भाऊजी आता दरवर्षी येत, आधी शिमग्याला आणि मग आंब्याच्या दिवसांत. काकू त्यांच्यासाठी एक करंडी वेगळी काढत. कातळाला लागून असलेल्या त्या धगीच्या झाडांची, एकेक फळ तोलून, बादलीत सोडून, कानाशी धरून. जे फळ लबाड निघे तेच त्या करंडीत जाई. वर उत्तम पेंढा. मग भाऊजींना समोर बसवून त्या म्हणत, "घ्या भाऊजी, तुमच्यासाठी मुद्दाम ठेवलेत."

भाऊजी कापत. आत साका. ते एक फोड तोंडात घालत, डोळे मिटत आणि म्हणत, "गोड आहे, वहिनी." काकू मान डोलावत. दोघांनी कधी एका शब्दाने त्याचा उल्लेख केला नाही. मी पहिल्या वर्षी हसलो. पुढच्या वर्षी मात्र मला दिसलं की भाऊजी करंडी रिकामी झाल्याशिवाय उठत नाहीत, आणि काकू त्यांचं खाऊन होईस्तोवर दुसऱ्या कामाला हात लावत नाहीत.

यंदा वैशाखात काकू गेल्या. दुपारी पेंढ्यात आंब्यांची आढी लावून जरा पडल्या त्या उठल्याच नाहीत. भाऊजी मिळालं ते विमान पकडून आले. बाराव्याला लोक पांगल्यावर आम्ही दोघं आंब्यांच्या खोलीत गेलो. कोपऱ्यात ती करंडी होती, पेंढ्याखाली. वर माझ्याच पुठ्ठ्याचा एक तुकडा आणि त्यावर काकूंच्या अक्षरात, "भाऊजी."

आंबे पिकले होते. रंग असा की दिवा लावायची गरज नव्हती. मी मनात म्हटलं, शेवटची करंडी आहे, या खेपेला तरी काकूंनी चांगले ठेवले असतील. भाऊजींच्याही मनात तेच असावं, कारण त्यांनी सुरी दोनदा पुसली.

त्यांनी पहिला कापला. साका. दुसरा कापला. साका. तिसरा त्यांनी बराच वेळ हातात धरला, मग कापला. आत पांढरा, आंबट, फोडीएवढा गोळा.

भाऊजी हसायला लागले, आणि हसता हसता डोळे पुसायला लागले. "सही वहिनींचीच," ते म्हणाले. "तर्फे कोणी नाही."

मग ते तिथेच पेंढ्यावर बसले, एक फोड तोंडात घातली आणि काकूंच्या रिकाम्या वेताच्या खुर्चीकडे बघून पुटपुटले, "गोड आहे, वहिनी."

"मोठ्याने," मी म्हणालो. "मागे ऐकू आलं नाही."

कोणाच्या वतीने, हे त्यांनी मला विचारलं नाही. त्यांनी मोठ्याने सांगितलं, आणि पुढचा आंबा घेतला.